नऊ हजार वर्षांचा भाडेपट्टा

डब्लिन शहराला नद्या दोन. एक लिफी. विक्लोच्या डोंगरात उगम पावून ती शहराचे बरोबर दोन भाग करीत समुद्राला मिळते आणि कोणत्याही नकाशात सापडते. दुसरी नकाशात सापडत नाही. पण शहरातल्या लहान पोरालाही ती ठाऊक असते. तिचे पाणी काळे, वर दोन बोटे जाडीचा सायीसारखा फेस, आणि ती वाहते पेल्यापेल्यांतून. तिचे नाव गिनीज.

वाचकांचा गैरसमज होण्यापूर्वीच सांगून टाकतो, की प्रस्तुत लेखक सुपारीच्या खांडापलीकडे कोणत्याही व्यसनाच्या वाटेला गेलेला नाही. डब्लिनला जाण्याचे आमचे कारण अगदी सोवळे होते. आमचा मुलगा तिथे औषधांच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. नातीच्या बारशाच्या निमित्ताने २०२५ च्या जानेवारीत आम्ही उभयता तिथे पोहोचलो आणि चांगले तीन महिने राहिलो. मुलाचे बिऱ्हाड होते थॉमस स्ट्रीटच्या मागल्या अंगाला. या भागाला लिबर्टीज म्हणतात. जुन्या डब्लिनच्या तटाबाहेरची ही कष्टकऱ्यांची वस्ती. एकेकाळी विणकर, कातडी कमावणारे आणि दारू गाळणारे यांनी गजबजलेली. पुण्याच्या भाषेत सांगायचे तर पेठांचा भाग.

पहिल्याच सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी खिडकी किलकिली केली आणि तिथूनच मला हाक मारली, "अहो, इथे कुणीतरी भाजणी भाजतंय!"

मीही नाक पुढे केले. खरोखरच थालीपिठाची भाजणी खमंग भाजल्याचा वास! थोडा करपट, थोडा गोडसर. पाच हजार मैलांवर येऊन, बोचऱ्या थंडीत, घरच्या स्वयंपाकघराचा वास यावा, हे काही केल्या उमजेना. शेवटी सूनबाई हसत म्हणाली, "आई, तो गिनीजचा कारखाना. तिथे रोज सातू भाजतात."

भाजणीच्या त्या वासाने आमची आणि गिनीजची ओळख झाली. ती ओळख वाढली मात्र एका बातमीने.

२४ जानेवारी, शुक्रवार. त्या दिवशी आयर्लंडवर 'एओविन' नावाचे वादळ आले. सबंध देशाला तांबडा इशारा होता. शाळा बंद, बस बंद, आगगाड्या बंद. पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने ताशी १८० किलोमीटरांच्या वर वेग घेतला आणि सात लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. आम्ही खिडक्या लावून, नातीला कुशीत घेऊन बसलो होतो. त्याच दिवशी दुसरे वादळ वृत्तसंस्थेच्या तारेवरून आले. गिनीजची मालकी ज्या कंपनीकडे आहे ती लंडनची डिआजिओ कंपनी गिनीज विकण्याचा, किंवा तिला वेगळे काढून स्वतंत्र कंपनी करण्याचा विचार करीत आहे. किंमत एक हजार कोटी डॉलरांच्या वर जाईल!

रविवारी कंपनीने खुलासा केला. गिनीज विकण्याचा आमचा मुळीच इरादा नाही, आणि मोएत हेनेसी या फ्रेंच मद्यकंपनीत आमचा जो हिस्सा आहे तोही विकण्याचा इरादा नाही, असा. पण आपण सर्वांनीच आयुष्यात अनेक खुलासे वाचलेले असतात. घरमालक जेव्हा आपण होऊन 'वाडा विकायचा नाही' असे सांगत सुटतो, तेव्हा भाडेकरू रात्री जागे राहतात.

सोमवारी वारा पडल्यावर मी फिरायला बाहेर पडलो तो सेंट पॅट्रिकच्या बागेत एका बाकावर जाऊन बसलो. शेजारी ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ओळखपाळख झाली. आयरिश माणसाशी ओळख व्हायला आगगाडीतल्या कोकणी माणसाशी व्हायला लागतो त्याहून जास्त वेळ लागत नाही. आजोबा जन्मभर गिनीजमध्ये कामाला होते. त्यांचे वडीलही गिनीजचेच. कारखान्याच्या धक्क्यावरून पिपे भरून बंदराकडे जाणाऱ्या पडावांवर होते. हे पडाव १९६१ साली बंद झाले. पडाव पुलाखालून जाऊ लागले, की पुलावरची पोरे ओरडत, "काका, येताना आमच्यासाठी पोपट घेऊन या!" जसे काही ते सातासमुद्रापलीकडे निघाले आहेत. वास्तविक ते जेमतेम मैल-दोन मैलांवरच्या बंदरापर्यंत जात.

मी बातमीचा विषय काढला. आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "विकतील किंवा न विकतील. पण विकणार नेमकं काय, ते मला कुणी सांगत नाही."

हा प्रश्न मला चटका लावून गेला. तीन महिने मी त्याच प्रश्नाचा माग काढीत डब्लिनभर हिंडलो असे म्हटले तरी चालेल.

आता आधी मूळ पुरुषाची कथा. आर्थर गिनीज हा डब्लिनजवळच्या किल्डेअर परगण्यातला. त्याचा धर्मपिता आर्चबिशप आर्थर प्राइस याने मृत्युपत्रात त्याला शंभर पौंड ठेवले. त्या जोरावर त्याने लीक्सलिप गावी दारू गाळण्याचा धंदा मांडला आणि मग राजधानीकडे नजर वळवली. शहराच्या पश्चिमेला सेंट जेम्सचा दरवाजा होता. स्पेनमधल्या सेंट जेम्सच्या समाधीला निघणारे यात्रेकरू इथून प्रस्थान ठेवीत. त्या दरवाजापाशी चार एकरांवर एक बंद पडलेला, मोडकळीला आलेला कारखाना होता. १७५९ सालच्या डिसेंबरच्या ३१ तारखेला आर्थरने त्याचा भाडेपट्टा केला. भाडे वर्षाला ४५ पौंड आणि मुदत नऊ हजार वर्षे!

नऊ हजार वर्षे! आपल्याकडे लोक नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा केला तरी नातवंडांची काळजी मिटली म्हणून पेढे वाटतात. या गृहस्थाने थेट इसवी सन १०७५९ पर्यंतची व्यवस्था लावली. माणूस हिंमतवानही होता. १७७५ साली पाण्याच्या हक्कावरून नगरपालिकेशी तंटा झाला आणि पालिकेची माणसे त्याचा पाट बुजवायला आली, तेव्हा त्याने एकाच्या हातातली कुदळ हिसकावून घेतली आणि अर्वाच्य शिव्या दिल्या, अशी कथा आहे. त्याला एकवीस मुले झाली; त्यांतली दहा जगली. १७९९ पासून त्याने बाकीची पेये बंद करून फक्त काळे 'पोर्टर' काढायचे ठरवले. १८०३ साली तो वारला तेव्हा धंदा उत्तम चालला होता.

हा भाडेपट्टा आजही पाहायला मिळतो. कारखान्यातली १९०४ साली पुरी झालेली एक सातमजली इमारत, जिथे पूर्वी दारू आंबवीत, ती २००० सालापासून प्रेक्षकांसाठी खुली केली आहे. पंढरीला विठोबा तसे डब्लिनला आलेल्या प्रवाशाला हे स्थळ. आम्हीही सहकुटुंब गेलो. इमारतीच्या मध्यभागी जोत्यापासून छपरापर्यंत एका प्रचंड पेल्याच्या आकाराची पोकळी ठेवली आहे आणि तळाशी, काचेखाली, तो पट्टा. सौभाग्यवतींनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "एवढा जपून ठेवलाय म्हणजे अजून भाडं चालू असेल!"

तसे नाही. पुढे कारखाना वाढून पन्नास एकरांवर गेला आणि कंपनीने जमीन विकतच घेतली. तेव्हा नऊ हजार वर्षांचा तो पट्टा आता केवळ पाहण्यापुरता उरला आहे. त्याची साडेआठ हजारांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत आणि त्याला कायद्यात किंमत मात्र नाही.

मजल्यामजल्यावर कृती समजावून दिली होती. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात कालवायचे, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. काळा रंग आणि तो भाजणीचा वास येतो तो थोडे सातू २३२ अंशांवर भाजून घेतात त्यामुळे. पाणी लिफी नदीचे असते अशी सर्वांची समजूत. पण ते असते विक्लोच्या डोंगरातले. ही सगळी माहिती आमच्या सौभाग्यवती इतक्या आस्थेने वाचीत होत्या, की शेजारच्या जर्मन बाईंना त्या स्वतःच कारखाना काढणार आहेत असे वाटले असावे.

एका गोष्टीने मात्र मी चकित झालो. संख्याशास्त्र शिकलेल्या कोणालाही 'स्टुडंट्स टी-टेस्ट' ठाऊक असते. आमच्या मुलानेही तिच्यापायी रात्री जागवल्या आहेत. हा 'स्टुडंट' म्हणजे गिनीजच्या कारखान्यात १८९९ साली लागलेला विल्यम गॉसेट नावाचा रसायनज्ञ. थोड्याशा नमुन्यांवरून सबंध पिकाची प्रत कशी ओळखावी या रोजच्या अडचणीतून त्याने ही रीत काढली आणि १९०८ साली टोपणनावाने प्रसिद्ध केली. कंपनीला आपल्या शास्त्रज्ञांची नावे छापून यायला नको होती. बिअरच्या पिपातून निघालेले हे गणित आज औषधांच्या कारखान्यांतही वापरतात. मुलगा म्हणाला, "बाबा, म्हणजे माझा पगारही थोडा गिनीजमधूनच येतो!"

सर्वांत वरच्या मजल्यावर काचेचे दालन आहे. तिथून सबंध डब्लिन दिसते. तिकिटात एक पेला येतो. पेला भरणे हाही एक विधी आहे. तो तिरपा धरून पाऊण भरतात आणि मग बाजूला ठेवून देतात. आत तपकिरी ढग वर-खाली होत राहतात. ते बसले की वरून उरलेला भरतात. घाई कोणी करीत नाही. २०११ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथे आली होती. तिच्यापुढेही असाच पेला भरून ठेवला होता, पण तिने तो काही घेतला नाही. राणीनेच नाकारलेला पेला नाकारायला मला संकोच वाटायचे कारण नव्हते. पण अलीकडे मद्यार्क काढून टाकलेली गिनीजही मिळते. ती मी मागितली आणि दोन घोट घेतले. काढ्याचीच आठवण झाली, पण काढा चांगला होता.

या विधीनंतरच्या आठवड्यात आजोबांनी मला त्यांचे डब्लिन दाखवले. "काचेच्या इमारतीत गिनीज दाखवतात," ते म्हणाले, "आता जरा बाहेर बघा."

सुरुवात आम्ही भेटलो त्या बागेपासूनच. बागेच्या कडेला सेंट पॅट्रिकचे थोर जुने देऊळ आहे. 'गलिव्हरचा प्रवास' लिहिणारा जोनाथन स्विफ्ट इथला मुख्य धर्माधिकारी होता. एकोणिसाव्या शतकात हे देऊळ पडायला झाले होते. आर्थरचा नातू बेंजामिन ली गिनीज याने १८६० ते १८६५ या काळात सुमारे दीड लाख पौंड पदरचे घालून त्याचा जीर्णोद्धार केला. दारापाशी त्याचा पुतळा आहे. बाग दिली त्याच्या मुलाने, एडवर्ड सेसिल याने, जो पुढे लॉर्ड आयव्ही झाला. इथे पूर्वी डब्लिनमधली सर्वांत घाणेरडी घरे होती, एकेका खोलीत एकेक कुटुंब. ती पाडून त्याने बाग केली आणि समोर लाल विटांच्या चाळी बांधल्या. चाळी म्हणायचे आपल्या भाषेत. इमारती देखण्या आहेत. १८९० साली त्याने गरिबांच्या घरांसाठी अडीच लाख पौंड काढून दिले, त्यांतले दोन लाख लंडनला आणि पन्नास हजार डब्लिनला. डब्लिनचा तो न्यास अजून घरे भाड्याने देतो. आजोबा त्यांतल्याच एका घरात राहतात. शेजारीच सार्वजनिक स्नानगृह होते. त्या पलीकडे १९१५ सालची एक मोठी शाळेसारखी इमारत. वस्तीतल्या मुलांनी संध्याकाळी इथे यायचे, खेळायचे, शिवण-टिपण, नाच-गाणे शिकायचे आणि निघताना एक बनपाव आणि कपभर कोको प्यायचा. पोरे त्या जागेला 'बेनो' म्हणत, म्हणजे मेजवानी. आजोबांनी तो कोको प्यायलेला आहे. "त्याच्यावर साय धरायची," ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या तोंडावर सात-आठ वर्षांचे पोर दिसले.

तिथून चालत आम्ही सेंट स्टीफन्स ग्रीनला गेलो. ही शहराची सर्वांत सुंदर बाग. पूर्वी भोवतालच्या बड्या लोकांपुरतीच होती. दुसऱ्या गिनीजबंधूने, लॉर्ड आर्डिलॉनने, आपल्या खर्चाने ती सजवून १८८० साली सर्वांना मोकळी करून दिली. बागेत त्याचा बसलेला पुतळा आहे. हिंडता हिंडता एका कोपऱ्यात ओळखीची दाढी दिसली. रवींद्रनाथ ठाकूर! त्यांचा अर्धपुतळा इथे २०११ साली बसवला आहे. मी नमस्कार केला. आजोबांनी टोपी काढली. बागेच्या दक्षिण बाजूचा वाडाही गिनीज घराण्याचाच. १९३९ साली तो त्यांनी आयरिश सरकारला देऊन टाकला. तिथे आता परराष्ट्र खाते आहे.

कारखान्यातली नोकरीही नावाजलेली होती. मजुरी शहरातल्या इतर मजुरीपेक्षा जास्त, दवाखाना, निवृत्तिवेतन, विधवांना वेतन. कारखान्याचे डॉक्टर जॉन लम्सडेन यांनी १९०० साली दीड हजारांहून अधिक कामगारांची घरे स्वतः हिंडून पाहिली आणि त्यांतली हवा, उजेड, शौचकूप यांचा लेखी अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात आठशेहून अधिक कामगार लढायला गेले, तेव्हा त्यांच्या नोकऱ्या राखून ठेवल्या आणि घरी अर्धा पगार पोचता केला. सगळे गोड होते असे मात्र नाही. गावात कॅथलिक बहुसंख्य, आणि वरच्या खुर्च्या मात्र कित्येक पिढ्या प्रॉटेस्टंटांच्या. तरीही डब्लिनमधल्या आया म्हणत, मुलगी गिनीजच्या माणसाला द्यावी; जिवंतपणी पगार आहे आणि मेल्यावरही आहे.

आता प्रश्न असा, की हे सगळे विकले जाणार आहे काय?

मुळात गिनीज 'विकली' गेली त्याला दीड शतक होत आले. १८८६ साली एडवर्ड सेसिलने कंपनीचे समभाग लंडनच्या बाजारात काढले, ६० लाख पौंडांचे भांडवल उभे केले. त्या दिवसापासून गिनीजची मालकी डब्लिनची राहिली नाही. ज्याच्या हाती समभाग त्याची झाली. १९३२ साली मुख्य कचेरीही लंडनला गेली. १९८६ साली कुटुंबातला शेवटचा अध्यक्ष पायउतार झाला. १९९७ साली ग्रँड मेट्रोपॉलिटन या कंपनीशी विलीनीकरण होऊन डिआजिओ जन्माला आली. लॅटिनमधला 'दिवस' आणि ग्रीकमधली 'पृथ्वी' यांची मोट बांधून केलेले हे नाव कोणत्याही गावचे नाही. गंमत म्हणजे या कंपनीचे २०१३ पासून २०२३ च्या जूनमध्ये निधन होईपर्यंत प्रमुख असलेले सर आयव्हन मेनेझिस हे जन्माने पुण्याचे! म्हणजे दहा वर्षे डब्लिनच्या काळ्या पेल्याची दोरी एका पुणेकराच्या हाती होती. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आमच्यापेक्षा तुम्हीच जवळचे मालक!"

तुकड्यातुकड्यांनी विक्रीही चालू आहेच. १९५१ साली कंपनीचे व्यवस्थापक सर ह्यू बीव्हर शिकारीला गेले असता युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता यावर वाद झाला आणि त्यातून १९५५ साली विक्रमांचे ते प्रसिद्ध पुस्तक निघाले. आपल्याकडे सर्वांत लांब मिशा आणि सर्वांत मोठी पुरी यांच्यामुळे गिनीज हे नाव घरोघर पोहोचले ते या पुस्तकामुळे. ते पुस्तक २००१ सालीच विकले. पुढे त्याचेही मालक बदलत गेले, आणि २००८ पासून ते कॅनडातल्या एका उद्योगसमूहाकडे आहे. नायजेरिया ही गिनीजची मोठी बाजारपेठ. तिथल्या गिनीज कंपनीतला आपला हिस्सा २०२४ साली डिआजिओने सिंगापूरच्या तोलाराम समूहाला विकला. नाव आणि कृती मात्र आपल्याकडे ठेवली; नव्या मालकाने नावाचे पैसे मोजायचे. कारखाना विकता येतो, पण नाव सोडायला मालक तयार नसतो, हे ध्यानात घ्यावे. कारण विटा, पिपे आणि कढया यांची किंमत कोणालाही करता येते. हजार कोटी डॉलर येतात ते नावाचे.

आणि हे नाव मोठे कोणी केले? आर्थरने केले, गॉसेटने केले, जाहिरातवाल्यांनी केले, हे खरे. पण आजोबांच्या वडिलांनीही केले. पडावावर ओरडणाऱ्या पोरांनीही केले. पेला निवळेपर्यंत निमूट थांबणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने केले. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव भागधारकांच्या यादीत नाही.

माझे बालपण लालबागला गेले. वडील एका गिरणीत टाइमकीपर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी हळूहळू बंद पडली, आणि काही वर्षांनी जमीन विकली गेली. वडिलांनी ज्या भोंग्यावर आयुष्य काढले त्या भोंग्याच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. त्या व्यवहारात आमच्या चाळीला कोणी काही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कागदावर आमचे काही नव्हतेच. पण मी जन्मलो परळच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहात. वाडिया हे गिरणीमालक घराणे. त्यांनी १९२० च्या दशकात गिरणगावातल्या बायकामुलांसाठी ती दोन इस्पितळे उभारली. गिरण्यांचे भोंगे थांबले, इस्पितळात मुले अजून जन्मतात. डब्लिनच्या बागेतल्या त्या बाकावर बसलो असताना मला हे प्रथमच नीट दिसले. धनवंताने आपल्यापाशी जे राखले ते एक ना एक दिवस बाजारात येते. जे देऊन टाकले ते विकायला कोणापाशी उरतच नाही.

अर्थात देणे म्हणजे सगळे झाले असेही नाही. फ्रान्सिस स्ट्रीटवर लॉर्ड आयव्हीने १९०६ साली फेरीवाल्या बायकांसाठी एक मंडई बांधून शहराला दिली. दर्शनी कमानींवर कोरलेले चेहरे आहेत. त्यांतला एक डोळा मिचकावतो, आणि तो खुद्द लॉर्डसाहेबांचा अशी आख्यायिका आहे. ही मंडई गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद पडली. पुढे तिचे काय करायचे आणि ती आता कोणाची, यावर वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. मी पाहिली तेव्हा दारांना कुलपे होती आणि आत पारवे घुमत होते. दात्याने दिले, घेणाऱ्याने राखले नाही. तेव्हा दोष नेहमी लंडनच्या भागधारकांवर टाकून चालणार नाही.

निघण्याच्या आधी आजोबांनी माझ्या हातावर युरोचे एक नाणे ठेवले. "हिच्याकडे बघा," ते म्हणाले. नाण्यावर आयर्लंडचे राजचिन्ह असलेली वीणा होती. मग त्यांनी खिशातून गिनीजचे एक जुने लेबल काढून शेजारी धरले. त्याच्यावरही वीणाच, पण तोंड उलट्या दिशेला. गिनीजने वीणा हे आपले व्यापारचिन्ह म्हणून १८७६ सालीच नोंदवून टाकले होते. पुढे १९२२ साली स्वतंत्र राज्य झाले आणि त्यालाही वीणाच हवी होती; तेव्हा ती दुसऱ्या बाजूला वळवून घ्यावी लागली, असे डब्लिनमध्ये हसत सांगतात. एका देशाने राजचिन्ह निवडावे आणि ते आधीच एका बिअरने घेतलेले असावे!

"एक वीणा विकता येते," आजोबा म्हणाले, "दुसरी नाही. दोन्ही एकाच लाकडाच्या आहेत, एवढंच आम्ही विसरू नये."

आम्ही एप्रिलमध्ये परतलो. जुलैत डिआजिओच्या मुख्याधिकारी डेब्रा क्रू यांनी पद सोडल्याची बातमी वाचली, आणि कंपनीवरच्या कर्जाची चर्चा पुन्हा सुरू झालेली दिसली. गिनीज आज ना उद्या बाजारात यायची, असा कोणाचा तर्क. इतकी दुभती गाय कोण विकेल, असा कोणाचा. मी मुलाला फोनवर म्हटले, आजोबांना विचार, त्यांना काय वाटते. दोन दिवसांनी उत्तर आले. आजोबा म्हणाले, विक्रीचे लंडनवाले बघून घेतील. तुझ्या बाबांना कळव, की बागेत गुलाब फुलले आहेत आणि तुझी लेक माझ्या बाकाला धरून उभी राहायला शिकली आहे.